पाणी येणार नाही

आमच्या सोसायटीची मोटर ७ जुलै २०२५ला, सोमवारी संध्याकाळी जळाली. एरवी ही तारीख माझ्या लक्षात राहिली नसती. पण त्या आठवड्यात अख्खा महाराष्ट्र मीरा रोडकडे बघत होता. पुण्याचे मित्र फोन करून "तुमच्याकडे काय चाललंय रे?" असं विचारत होते आणि मी बी विंगच्या जिन्याखाली मोबाईलचा टॉर्च धरून जळक्या वायंडिंगचा वास घेत उभा होतो.

मी सोसायटीचा सेक्रेटरी आहे. वय २८, नोकरी गोरेगावला सॉफ्टवेअर कंपनीत, आठवड्यातले दोन दिवस वर्क फ्रॉम होम. सेक्रेटरी व्हायला मला कुणी निवडून वगैरे दिलं नाही. बाबा अकरा वर्षं सेक्रेटरी होते. त्यांचा उजवा हात थरथरायला लागला, सही वाकडी येऊ लागली, तेव्हा जनरल बॉडीत ३०४वाले काका म्हणाले, "अभी लड़के को ही कर दो, कंप्यूटर भी आता है।" सगळ्यांनी चहा पिता पिता माना हलवल्या. झालं.

आमच्याकडे माणसांना नंबर असतात. ३०४वाले काका भावनगरचे. १०२वाला दादा साताऱ्याचा, बँकेत आहे. ४०१च्या खाला रत्नागिरीच्या, त्यांचं मराठी माझ्यापेक्षा कितीतरी गोड. आम्ही २०४. दोन विंग, चार मजले, लिफ्ट नाही, बत्तीस फ्लॅट, खाली सहा दुकानं. त्यातलं कोपऱ्यावरचं किराणाचं. ते काका राजस्थानातल्या पालीकडचे, आमच्याही आधीपासून इथे आहेत.

आम्ही १९९८ला आलो, म्हणजे मी कडेवर असताना. गिरगावातल्या खोलीची भावाभावांत वाटणी झाली. बाबांच्या वाट्याला आलेल्या पैशात गिरगावात एक खाट टाकायलाही जागा मिळाली नसती, मीरा रोडला मात्र वन-बीएचके मिळाला. असे हजारो आले. १९८५ साली पाच ग्रामपंचायती एकत्र करून इथे नगरपरिषद झाली, तेव्हा हा सगळा मिठागरांचा आणि भातशेतीचा मुलूख होता. १९९१च्या जनगणनेत लोकसंख्या पावणेदोन लाखांच्या आसपास, २००१ला सव्वापाच लाखांच्या आसपास आणि २०११ला आठ लाखांच्या वर. महानगरपालिका २००२ला झाली. वीस वर्षांत साडेचार पट माणसं वाढली, आणि त्यातलं जवळजवळ प्रत्येक घर कुठून तरी सुटून आलेलं. मुंबईत जागा परवडेना म्हणून, चाळ पडली म्हणून, गावाकडे पाऊस नाही म्हणून. इथे मुळचं कोण, असं विचारलं तर नवघर, गोडदेव, काशी, राई-मुर्धे इथले आगरी, उत्तनचे कोळी आणि ख्रिस्ती, अशी थोडकी नावं घ्यावी लागतात. त्यांच्याकडे मी परत येतो.

बाबा गिरगावात एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. त्यामुळे आमच्या नोटीस बोर्डाचा दर्जा उगाचच फार वरचा होता. रेघांचा कागद, निळं पेन, टपोरं अक्षर, 'सर्व सभासदांस कळविण्यात येते की'. ऱ्हस्व-दीर्घाची एक चूक नाही. लोकांच्या लग्नपत्रिका आल्या की बाबा आधी लाल पेन घेऊन बसायचे आणि मग तारीख बघायचे. त्यांचा सगळ्यात जास्त जीव 'ण'वर. लहानपणी मी शाळेतून 'पानी' असं म्हणत आलो की ते म्हणायचे, "जीभ वर टाळूला लाव. पाणी. नळाला येतं ते पाणी." आई स्वयंपाकघरातून म्हणायची, "आधी येऊ तर दे."

येण्याचं म्हणाल तर ती आमच्या शहराची जुनी गोष्ट. मीरा-भाईंदरला पाणी येतं ते स्टेम आणि एमआयडीसीकडून, दोन्ही उल्हास नदीचं. वाढत्या माणसांना ते पुरत नाही म्हणून सूर्या प्रकल्प आला. पालघर जिल्ह्यातल्या सूर्या धरणातून एकूण ४०३ एमएलडी आणायचं, त्यातलं १८५ वसई-विरारला आणि २१८ आम्हाला. २१८ एमएलडी म्हणजे दिवसाला २१ कोटी ८० लाख लिटर. माझ्या आयुष्यातल्या प्रत्येक निवडणुकीत मी या सूर्याचं नाव ऐकलंय. ज्या धरणातून हे यायचं ते मुळात डहाणू, पालघर, विक्रमगडकडच्या आदिवासी शेतकऱ्यांच्या सिंचनासाठी बांधलेलं. आमच्या टाक्या भरल्या तर आमच्या शेताचं काय, हा प्रश्न तिथली माणसं वर्षानुवर्षं विचारतायत. सोसायटीच्या मीटिंगमध्ये हा विषय मी एकदा काढला होता. ३०४वाले म्हणाले, "वो सब ठीक है, टैंकर का हिसाब बताओ।" मीही मग हिशोबच सांगितला.

सेक्रेटरी झाल्यावर मी पहिली गोष्ट केली ती म्हणजे नोटिशीचा कागद बंद केला. सगळं व्हॉट्सॲपवर. आणि भाषा? मी विचारही केला नाही. इंग्रजी अक्षरांत हिंदी. 'कल सुबह टंकी सफाई, पानी भर के रखें.' कोणाचीच तक्रार आली नाही. बाबांनी मेसेज वाचला, चष्मा काढून पुसला आणि परत घातला.

कामावर मी याच गोष्टीचा तज्ज्ञ आहे, हे सांगायला हवं. आमच्या ॲपमध्ये नऊ भाषा आहेत. प्रत्येक वाक्याचा प्रत्येक भाषेत अनुवाद करून एका फाईलमध्ये ठेवतात. अनुवाद सापडला नाही तर ॲप बंद पडत नाही, गुपचूप दुसरी भाषा दाखवतं. त्याला फॉलबॅक म्हणतात. मराठीची फाईल कायम सगळ्यात शेवटी येते, निम्मी रिकामी असते आणि तरी बग कधी नोंदवला जात नाही. कारण मराठी माणूस फॉलबॅकमध्ये निवांत असतो. मीच टेस्टिंग करताना फोनची भाषा इंग्रजी ठेवतो.

तर तो आठवडा. तुम्हाला आठवत असेल. पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय एप्रिलमध्ये निघाला, जूनमध्ये बदलला आणि २९ जूनला मागे घेतला गेला. हवा तापलेली होतीच. त्यात मीरा रोडच्या एका दुकानदाराला मराठीवरून मनसे कार्यकर्त्यांनी थोबाडीत मारल्याचा व्हिडिओ फिरला. ३ जुलैला व्यापाऱ्यांनी दुकानं बंद ठेवून मोर्चा काढला. त्याला उत्तर म्हणून ८ जुलैला मराठी माणसांचा मोर्चा जाहीर झाला. हवा असलेला मार्ग पोलिसांनी नाकारला.

आमच्या परिसराची बातमी आम्हाला बाहेरून कळते हा एक विचित्र अनुभव असतो. जानेवारी २०२४लाही तसंच झालं होतं, नया नगरच्या वेळी. एरवी आमच्या बातम्या म्हणजे खड्डे, मेट्रो ९चे खांब, विरार लोकलमधून मीरा रोडला उतरता न येणं. मे महिन्यात दहिसर ते काशीगाव मेट्रोची चाचणी झाली तेव्हा दोन दिवस ग्रुपवर पुलावरच्या डब्यांचे फोटो होते, सगळे खुश. पाण्याची तक्रार कुणाकडे करायची हाही एक विनोद होता, कारण २०१७ला निवडून आलेल्या नगरसेवकांची मुदत ऑगस्ट २०२२ला संपली होती आणि तेव्हापासून महापालिकेवर प्रशासक होता. ९५ जागा आणि एकही नगरसेवक नव्हता. त्यामुळे लोकांना नगरसेवकाचा म्हणून जो राग असतो तोही माझ्याच वाट्याला यायचा.

मोटर जळाली तेव्हा वरच्या टाकीत जेमतेम रात्रीपुरतं पाणी होतं. प्लंबर म्हणाला, रिवाइंडिंगला द्यावी लागेल, दोन दिवस. मी सवयीने ग्रुपवर टाकलं, इंग्रजी अक्षरांतली हिंदी: मोटर खराब है, दो दिन पानी नहीं आएगा, टैंकर मंगवाया है.

दोन मिनिटांत १०२वाल्या दादाचं उत्तर. "सेक्रेटरी साहेब, आपण महाराष्ट्रात राहतो. नोटीस मराठीत टाका."

लगेच कुणीतरी लिहिलं, "सबको समझना चाहिए, हिंदी में ठीक है।" मग एकाने राष्ट्रभाषा काढली. दुसऱ्याने राष्ट्रभाषा असं घटनेत कुठे लिहिलंय ते दाखवा म्हटलं. ते बरोबरच होतं, पण त्याने टाकी भरत नव्हती. मग व्हिडिओ आले. तोच थोबाडीत मारल्याचा, मग त्याला उत्तर म्हणून दुसऱ्या कुठल्या तरी शहरातले. ३०४वाल्या काकांनी फक्त जोडलेल्या हातांचं चिन्ह टाकलं. रात्री साडेअकरापर्यंत ७४ मेसेज झाले. त्यात टँकर किती वाजता येणार हे विचारणारा एक होता, ४०१ खालांचा. त्याला उत्तर द्यायचं माझंही राहून गेलं.

मी वैतागून ग्रुप 'ओन्ली ॲडमिन'वर टाकला आणि बाबांना म्हटलं, "बघा, हे असं चालतं. पाणी नाही आणि भाषेवर भांडतायत."

बाबा कॉटवर बसून होते. म्हणाले, "भाषेवर भांडत नाहीयेत. पण तू मराठीत का टाकली नाहीस?"

"सगळ्यांना कळावं म्हणून."

"अकरा वर्षं मी मराठीत लावत होतो. कोणाला कळलं नाही असं झालं का कधी? एकदा तरी कोणी पाणी न भरता राहिलं?"

मला उत्तर सुचलं नाही. लिपी एकच, शब्द तेच. टाकी, मोटर, पाणी, उद्या. नोटीस बोर्डासमोर थांबून एकमेकांना विचारत का होईना, बत्तीस घरांनी अकरा वर्षं ती वाचली होती. कळणार नाही हे मीच ठरवून टाकलं होतं.

बाबांनी रेघांचा कागद मागितला. हात थरथरत होता म्हणून मनगट डाव्या हाताने दाबून धरलं. चार ओळी लिहायला पंधरा मिनिटं लागली. 'दि. ८ व ९ जुलै रोजी पाणी येणार नाही. टँकर सकाळी ७ वाजता येईल. प्रत्येकी चार बादल्या.' आणि खाली, माझ्यासाठी आश्चर्य म्हणजे, हिंदीतही तेच. 'पानी नहीं आएगा'. अक्षर उतरणीला लागलेलं, रेघ सोडून खाली घसरणारं. मी ते रात्री बाराला खाली जाऊन लावलं. खिळा गंजला होता, टाचणी वाकली.

मंगळवारी सकाळी टँकर आला. बादल्यांच्या रांगेत १०२वाला दादा आणि ३०४वाले काका एकामागे एक उभे होते आणि एकमेकांकडे बघत नव्हते. १०२वाल्याने काकांची बादली चौथ्या मजल्याच्या वळणापर्यंत नेऊन दिली, असं मला लिहायला आवडलं असतं. पण काका तिसऱ्यावर राहतात आणि बादल्या त्यांच्या मुलानेच नेल्या.

तोवर टीव्हीवर येत होतं की पहाटेच मनसेच्या नेत्यांना ताब्यात घेतलंय, जमेल तशा माणसांना गाड्यांत भरतायत. बाबा शर्ट घालून तयार. मी लॅपटॉपवर मीटिंगमध्ये होतो, म्यूट करून म्हटलं, "बाबा, कशाला? पोलीस धरतायत लोकांना. आणि त्या माणसाला मारलं ते तुम्हाला पटतं का?"

"नाही पटत. माझ्या दुकानदाराला कोणी हात लावला तर मी मध्ये उभा राहीन."

"मग?"

"मग काय? मारणाऱ्याबरोबर नाही जात मी. व्यापाऱ्यांना चालायला रस्ता मिळाला, मला का नाही, एवढंच विचारायला जातोय."

मी मीटिंगमध्ये परत गेलो. ते गेले. ६७ वर्षांचा माणूस, एका हातात छत्री. दुपारनंतर मोर्चाला वाट मिळाली, लोक स्टेशनपर्यंत चालत गेले, एका मंत्र्यांना गर्दीने घोषणा देऊन परत लावलं. हे सगळं मी स्क्रीनच्या कोपऱ्यात बघत होतो आणि गर्दीत निळा शर्ट शोधत होतो. निळे शर्ट फार होते. दुसऱ्या दिवशी पोलीस आयुक्तांची बदली झाल्याची बातमी आली, आणि १८ तारखेला राज ठाकरेंची सभा मीरा रोडलाच झाली.

बाबा पाचच्या सुमाराला आले, घामाने भिजलेले, हातात अर्धा किलो साखर. आईने विचारलं, "साखर कशाला? आहे की घरात." बाबा म्हणाले, "शटर अर्धं होतं त्याचं. वाकून आत गेलो. काहीतरी घ्यायला नको?"

काय बोललात, हे मी विचारलं. "काय बोलणार? मोटरचं विचारलं त्याने. म्हणाला, पाणी लागलं तर दुकानातला ड्रम भरलेला आहे, घेऊन जा."

"हिंदीत?"

बाबांनी माझ्याकडे असं बघितलं जसं लग्नपत्रिकेत 'आर्शिवाद' दिसल्यावर बघतात. "माझ्याशी तो सत्तावीस वर्षं मराठीत बोलतोय. 'ला'ची 'ली' करतो, पण बोलतो. तुला माहीत नाही?"

मला माहीत नव्हतं. मी त्यांच्याशी कायम हिंदीत बोलायचो. पाच वर्षांचा असल्यापासून, "अंकल, एक ब्रेड देना." तेही हिंदीत उत्तर द्यायचे, "बोल बेटा." लॉकडाऊनमध्ये, बाबांची पेन्शन अडकली आणि माझी पहिली नोकरी जॉइनिंगआधीच पुढे ढकलली गेली, तेव्हा तीन महिने त्यांनी वहीत लिहून सामान दिलं. तेव्हाही सगळं हिंदीतच. ते मराठी बोलत नाहीत असं मी धरून चाललो होतो, आणि कदाचित मला मराठी येत नाही असं त्यांनी धरलं असेल.

बुधवारी मोटर आली नाही. मासेवाली मावशी आली. उत्तनहून बसने येते, आमच्या गेटपाशी टोपली ठेवते. जून-जुलैत मासेमारी बंद, त्यामुळे टोपलीत सुकट आणि बोंबील. तिने बोर्डाकडे बघितलं आणि आईला विचारलं, "आज पन पानी नाय का तुमच्याकरं?"

पानी. बाबा शेजारीच उभे होते. आगरी-कोळी बोलीत 'ण' नाहीच, 'ळ'ही नाही. या शहरात सगळ्यांच्या आधीपासून राहणाऱ्या माणसांच्या मराठीत नळाला आणि खाडीला असतं ते पानीच. शहाण्यांचं मराठी बोलणारे आम्ही नंतर आलो, गिरगावातून, परळमधून, आणि आल्या आल्या तिच्या जिभेलाही टाळू दाखवायला लागलो. शाळेत नवघरचा एक मित्र होता, मी त्याला 'पानी'वरून चिडवायचो. तो पुढे माझ्याशी हिंदीतच बोलायला लागला. हे मला आत्ता, लिहिता लिहिता आठवतंय.

बाबा काही म्हणाले नाहीत. नुसते "नाही ना, मावशी" म्हणाले आणि पाव किलो सुकट घेतली.

त्याच संध्याकाळी मी साबण आणायला खाली गेलो. शटर पूर्ण वर होतं. काकांनी मान वर केली आणि म्हणाले, "या साहेब. काय पाहिजे तुम्हाला?"

मराठीत. जपून, एकेक शब्द ठेवत. मराठीत बोलले याचा मला आनंद व्हायला हवा होता, निदान १०२वाल्याला झाला असता. पण मला ते 'साहेब' आणि 'तुम्हाला' ऐकून पोटात कालवल्यासारखं झालं. तेवीस वर्षं मी बेटा होतो. मी पण मराठीतच उत्तर दिलं, "काका, एक साबण द्या." त्यांनी दिला. सुट्टे मोजून हातावर ठेवले. गल्ल्यावरचा त्यांचा मुलगा, माझ्याच वयाचा, फोनमधून वर बघत नव्हता.

हे भीतीने होतं की मनापासून, ते मी कसं ठरवणार? विचारावं असंही वाटलं. पण 'घाबरून बोलताय का' हा प्रश्न मराठी माणसाने त्या आठवड्यात मराठीत विचारला तर त्याला खरं उत्तर कोण देईल? मी घरी आलो आणि ग्रुप उघडला. "मोटर उद्या दुपारी लागेल," असं लिहिलं, मराठीत. खाली हिंदीत. आणि खालांना वेगळा मेसेज: सोमवारी उत्तर द्यायचं राहिलं, माफ करा. त्यांचं उत्तर आलं, "काय नाय बाला, आमाला चार बादल्या पुरल्या."

मोटर गुरुवारी लागली. ग्रुप मी दहा दिवसांनी पुन्हा सगळ्यांना उघडा केला. १०२वाल्याने गणपतीच्या वर्गणीचा मेसेज टाकला, त्यावर पहिला पैसे पाठवल्याचा फोटो ३०४चा होता. पण तो नेहमीच पहिला असतो. बोर्डावरचा बाबांचा कागद कोणी काढला नाही. मीही नाही. पावसाळ्यात तो फुगला, शाई पसरली, 'पाणी' आणि 'पानी' यांचा मिळून एक निळा डाग झाला, आणि टाकी भरलेली असताना तो सांगत राहिला की पाणी येणार नाही. नवे भाडेकरू त्याला घाबरून बादल्या भरून ठेवायचे.

नोटिसा आता मी टाईप करतो, बाबा तपासतात. दर वेळी एक तरी चूक निघते. मागच्या आठवड्यात दिवाळीच्या साफसफाईची नोटीस होती. बाबा म्हणाले, ही हाताने लिहू, हात आज बरा आहे. पेन संपलं होतं. मी खाली गेलो.

या तीन-चार महिन्यांत आम्ही मराठीतच बोललो होतो, दुकानातल्यासारखं. द्या, घ्या, किती झाले. काका वहीत काहीतरी मांडत होते, आकडे तोंडातल्या तोंडात मारवाडीत म्हणत. मी म्हटलं, "काका, ते निळं पेन आहे का, बाबा वापरतात ते?"

त्यांनी न बघता फळीवरून डबा ओढला, दोन पेनं काढली, एकाने वहीच्या कोपऱ्यावर रेघ ओढून बघितली.

"हे चालतेय. दुसरी पण ने," ते म्हणाले. "आणि बाबांना सांग, तो जुना कागद काढा आता. माझा गिऱ्हाईक रोज विचारते, पाणी कधी येणार म्हणून."